पाच वर्षं म्हणजे नक्की किती?

‘पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे बघता?’

खरं सांगा, हा प्रश्न तुम्हालाही विचारला होता ना? तुम्ही आता एसीत बसून, लंच टाइममध्ये एका हातात चमचा आणि एका हातात हे मॅगझिन असं वाचताय, म्हणजे कधीतरी कुठल्यातरी टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीत बसून तुम्हीही त्याचं उत्तर दिलेलं असणार. बहुतेक ‘टीम लीड’ म्हणाला असाल. नाहीतर ‘मॅनेजरिअल पोझिशन’. काही डेअरिंगबाज मंडळी ‘तुमच्या खुर्चीत’ असंही म्हणतात म्हणे, आणि वर सिलेक्टही होतात. त्यांना आपला सलाम!

आमच्या कॉलेजात सध्या याच प्रश्नाचा सीझन आहे. कट्ट्यावर, कॅन्टीनमध्ये, बसमध्ये, जो तो पाच वर्षांनी कुठे असणार आहे ते पाठ करतोय. दोन मुलांचं उत्तर शब्दन्‌शब्द सारखं निघालं, तर एकाने पाचाची सात वर्षं केली. वेगळेपणा दिसायला नको का!

मी टीवाय बीएस्सी. विषय जिऑलॉजी. म्हणजे दगड. (‘अगं, मग पुढे काय करणार?’ हा प्रश्न तुमच्या ओठावर आला असेल तर गिळून टाका. लग्नकार्यात मी तो साधारण ताशी चार या वेगाने ऐकते.) आता जिऑलॉजीवाल्यांना पाच वर्षांचा हिशेब विचारणं म्हणजे समुद्राला ‘बादलीभर पाणी आहे का’ विचारण्यासारखं आहे. तुमचं ऑफिस, माझं कॉलेज, शनिवारवाडा आणि ती न संपणारी रांग लावायला लागते ती मिसळ, हे सगळं ज्या काळ्या दगडावर उभं आहे, तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. एकावर एक थर, तव्यावरून काढून रचलेल्या पोळ्यांसारखे. तुमच्यापैकी कोणी वाघोलीत टूबीएचके बुक केला असेल तर अभिनंदन! तिथल्या खाणींमध्ये कॅव्हनसाइट नावाचं मोरपंखी निळं खनिज सापडलंय, आणि जगभरचे संग्राहक त्याच्या एका छोट्या तुकड्यासाठी जीव टाकतात. तुम्ही मात्र पार्किंगसाठी टाकताय. असो.

सांगायचं हे की आमचे सर वर्गात ‘दहा-वीस लाख वर्षं इकडेतिकडे’ असं इतक्या सहज म्हणतात, की पाच वर्षं म्हणजे आमच्या लेखी टायपिंग मिस्टेक. पण प्लेसमेंट सेलला ते कोण सांगणार?

तर झालं असं की नोव्हेंबरमध्ये चार-पाच कॉलेजांचा मिळून कॅम्पस झाला आणि मला ऑफर मिळाली. नाव नको, कंपनी मोठी आहे. काम डेटाचं. पॅकेज साडेतीन लाख. हातात महिन्याला चोवीस हजारांच्या आसपास. दोन वर्षांचा बॉण्ड, मध्येच सोडलं तर एक लाख भरायचे. त्यांनी पाच वर्षांचा प्रश्न विचारलाच. मी पण शिकवल्यासारखं ‘क्लायंट-फेसिंग ॲनालिस्ट रोल’ असं सांगितलं आणि समोरच्या मॅडमनी हसून काहीतरी टिक केलं. हो की नाही ते कळवायला दहा दिवस दिले. हॉस्टेलवर वडापावची पार्टी झाली. मी आईला फोन केला, आईने शेजारच्या काकूंना केला, आणि अर्ध्या तासात अख्ख्या वस्तीवर माझं पॅकेज पोचलं. तेही पाच लाखांचं होऊन.

आता मूळ मुद्दा. या कॅम्पसच्या आधी आम्हाला दोन दिवसांचं पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचं वर्कशॉप होतं. कॉलरला माइक लावलेले, शर्टाच्या बाह्या बरोब्बर दोन घड्या दुमडलेले एक सर आले. माणूस बोलायला सॉलिड! पहिल्याच तासाला त्यांनी गोष्ट सांगितली. १९५३ साली अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारलं, तुमची ध्येयं लिहून ठेवली आहेत का? फक्त तीन टक्के मुलांनी लिहिली होती. वीस वर्षांनी शोध घेतला तर त्या तीन टक्क्यांची संपत्ती उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त! हॉलमध्ये सुई पडली असती तर ऐकू आली असती. सगळ्यांनी धडाधड वह्या काढल्या.

मी ‘कमवा आणि शिका’ योजनेत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने आमच्या विद्यापीठात ती चालते, रोज काही तास काम करायचं आणि तासावर पैसे घ्यायचे. माझी ड्यूटी लायब्ररीत. पुस्तकं जागेवर लावून झाली की हातात वेळ असतो आणि समोर कॉम्प्युटर. म्हटलं बघू तरी, त्या तीन टक्क्यांतला कोणी अजून आहे का.

बॉस, असा अभ्यास झालेलाच नाही! ‘फास्ट कंपनी’ नावाच्या अमेरिकन मासिकाने १९९६ मध्येच याचा छडा लावायचा प्रयत्न केला होता. गोष्ट सांगणाऱ्या एकेका गुरूला विचारलं, तर हा म्हणे त्याच्याकडून ऐकली, तो म्हणे याच्याकडून. येलकडे अशी काही नोंदच नाही. म्हणजे गेली कित्येक वर्षं जगभरच्या सेमिनार हॉलमध्ये जे सत्त्याण्णव टक्के लोक स्वतःला गरीब समजून वह्या काढतायत, ते नव्हतेच कधी. गंमत म्हणजे या दंतकथेमुळेच कॅलिफोर्नियातल्या डोमिनिकन युनिव्हर्सिटीच्या गेल मॅथ्यूज नावाच्या बाईंनी पुढे खरोखरचा एक छोटा अभ्यास केला. त्यात ध्येय लिहिणाऱ्यांना फायदा दिसला. पण सगळ्यात जास्त कोणाला? जे दर आठवड्याला एखाद्या मित्राला ‘एवढं झालं, एवढं राहिलं’ असं कळवत होते, त्यांना. सरांच्या गोष्टीत मित्र नव्हताच. नुसती वही आणि संपत्ती.

दुसऱ्या दिवशी ‘स्मार्ट गोल’. ते तर तुम्हाला तोंडपाठ असेल, तुमच्या अप्रेझलच्या फॉर्मवर छापलेलंच असतं. स्पेसिफिक, मेझरेबल, अचीव्हेबल, रिअ‍ॅलिस्टिक, टाइम-बाउंड. हे मात्र खरं आहे. जॉर्ज डोरन नावाच्या गृहस्थांनी १९८१ साली ‘मॅनेजमेंट रिव्ह्यू’मध्ये ते मांडलं. फक्त त्यांच्या मूळ लेखात ‘ए’ म्हणजे अचीव्हेबल नव्हतं, असाइनेबल होतं. म्हणजे हे काम कोण करणार त्याचं नाव लिहा. कारण तो लेख कंपनीतल्या मॅनेजरांसाठी होता! खात्याची उद्दिष्टं कशी लिहावीत, यासाठी. कोणत्या वळणावर ते उचलून एकेका माणसाच्या आयुष्याला चिकटवलं, कोण जाणे. मला स्वतःचं आयुष्य म्हणजे एखादं खातं वाटत नाही अजून. तुम्हाला वाटतं का हो, नोकरी लागल्यावर?

शेवटच्या सेशनला व्हिजन बोर्ड होता. मासिकांतली चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची. (एडिटरसाहेब, माफ करा. त्यात तुमचेच जुने अंक होते, कोणीतरी पार्लरमधून आणलेले.) अर्ध्या तासात चाळीस पुठ्ठ्यांवर एकच गाडी, एकच स्विमिंग पूल आणि एकच दात दाखवणारं जोडपं! माझ्या वाट्याला उरलेला अंक आला, त्यात फक्त मॉड्युलर किचन होतं. ते चिकटवलं.

पण म्हणून सगळं ध्येय प्रकरणच फेकून द्यावं, तर तसंही नाही. लायब्ररीत एकदा शोधायला लागलं की माणूस थांबत नाही. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोघा मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलंय, आणि त्यातला एक प्रयोग मला फार आवडला, कारण त्यात सूटबूट नाही, ट्रक ड्रायव्हर आहेत. ओक्लाहोमात लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने जेवढं वजन चालतं त्याच्या साधारण ६० टक्केच भरून निघायचे. ‘जमेल तितकं भरा’ असं सांगून काही फरक पडेना. मग त्यांना नेमका आकडा दिला. ९४ टक्के. ना बोनस, ना बक्षीस, नुसता आकडा आणि चांगलं झालं की शाबासकी. काही महिन्यांत ट्रक ९० टक्क्यांच्या वर भरून निघायला लागले. १९७५ साली हा प्रयोग छापून आला.

म्हणजे नेमकं ध्येय कामाला येतं, शंकाच नाही. ज्याला ट्रक भरता येतो, त्याला. लॅथमनीच पुढे दाखवलं की काम नवीन असेल, गुंतागुंतीचं असेल आणि आपल्याला अजून ते येतच नसेल, तर नेमका आकडा उलट आड येतो. तिथे ‘एवढं करून दाखव’ यापेक्षा ‘हे कसं करायचं त्याच्या इतक्या पद्धती शोधून काढ’ हे ध्येय जास्त उपयोगी पडतं. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ तशीच बसले. आम्ही वीस-एकवीस वर्षांची पोरं. आमच्यातल्या किती जणांना ट्रक भरता येतो? आणि आम्हाला सगळे विचारतायत टक्के!

माझी रूममेट सत्तावीस वर्षांची आहे. खराडीत नोकरी करते, मी तिला ताई म्हणते. तुमच्यातलीच एक. तिला मी विचारलं, ‘ताई, तू काय सांगितलं होतंस गं पाच वर्षांनी?’ ती कपड्यांना इस्त्री करत होती. म्हणाली, ‘२०१९ ला विचारलं होतं. मी २०२४ पर्यंतचं सगळं सांगितलं. सीनिअर टेस्टर, मग लीड, मग ऑनसाइट. फक्त मास्क सांगायचा राहिला.’

२०२० च्या मार्चमध्ये तिची सगळी वर्षं एका बॅगेत भरून ती सोलापूरला घरी गेली, आणि जिन्याखालच्या खोलीत दीड वर्ष लॅपटॉप मांडून बसली. परत आली तेव्हा टेस्टिंग सोडून ट्रेनिंगच्या टीममध्ये गेली. कारण त्या दीड वर्षात ती शेजारच्या पोरांना गणित शिकवायची आणि तिला कळलं की हे आपल्याला जमतं, आवडतं. ‘हे मला इंटरव्ह्यूत कसं सांगता आलं असतं? मला तेव्हा माहीतच नव्हती ही बाई.’ ही बाई म्हणजे ती स्वतः.

तिच्या या बोलण्यालाही शास्त्रीय आधार आहे बरं का! २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. क्वाड्बाख, गिल्बर्ट आणि विल्सन असे तिघे संशोधक. अठरा ते अडुसष्ट वयाच्या एकोणीस हजारांवर लोकांना विचारलं, गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात आणि पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल? प्रत्येक वयाचे लोक म्हणाले, मागे खूप बदललो, पुढे फारसा नाही. अठराचा म्हणतो आता मी झालो तो झालो, पन्नाशीचाही तेच म्हणतो. सगळ्यांना वाटतं आपली मूर्ती घडून पूर्ण झाली, आता फक्त रंग द्यायचाय. म्हणून मला तो पाच वर्षांचा प्रश्न बाष्कळ नाही वाटत, चुकीच्या माणसाला विचारलेला वाटतो. पाच वर्षांनी जी असेल तिला विचारा की. माझ्याकडे तिचा नंबर नाही.

आता एवढी फिलॉसॉफी झाडल्यावर तुम्ही म्हणाल, ठीक आहे गं, पण चोवीस हजारांचं काय केलंस?

त्यासाठी घरी जावं लागेल. माझं गाव माण तालुक्यात. सातारा म्हटलं की तुम्हाला कास, ठोसेघर, धबधबे आठवतात ना? ते जिल्ह्याचं दुसरं टोक. आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो, चहा न घेताच जातो. अप्पांची साडेतीन एकर जमीन आहे आणि त्या जमिनीत त्यांनी तीन बोअर मारलेत. प्रत्येक वेळी पाणाड्या बोलावला. तो हातावर नारळ धरून रानातून चालतो, नारळ उभा राहिला की तिथे पाणी. पहिलं बोअर तीनशे फूट, कोरडं. दुसरं चारशे, नुसता फुफाटा उडाला. तिसरं मी एफवायला असताना मारलं, पाचशे वीस फुटांना करंगळीएवढी धार लागली. ती उन्हाळ्यात बंद असते. हे तिसरं बोअर सावकाराच्या पैशाचं आहे. त्याचे हप्ते अजून दोन वर्षं चालतील.

२०१८ साली मी सातवीत होते. आमच्या तालुक्यात तेव्हा वॉटर कप स्पर्धेचं वारं होतं. अख्खं गाव पहाटे डोंगरावर चर खणायला जायचं. मी टोपलीने माती वाहिली. त्या वेळी एका ताईंनी काठीने जमिनीवर रेघा मारून सांगितलं होतं की पाणी खाली कसं जातं, कुठे अडतं. बाकीची पोरं चहाबिस्किटांसाठी यायची, मी त्या रेघांसाठी. जिऑलॉजीला ॲडमिशन घेताना सगळ्यांनी वेड्यात काढलं, पण मला कुठे जायचंय ते साधारण ठाऊक होतं. कुठे पोचायचंय ते नव्हतं.

एसवायच्या उन्हाळ्यात प्रोजेक्टसाठी मी आमच्या शिवारातल्या बावीस विहिरी मोजल्या. मोजल्या म्हणजे टेप सोडून पाणी किती खाली आहे ते बघायचं, विहिरीच्या कडेने कुठला थर कुठे दिसतो ते वहीत काढायचं. आपल्या या काळ्या दगडात पाणी कुठेही नसतं. वरच्या मुरमात असतं, भेगांमध्ये असतं, दोन थरांच्या सांध्यात असतं. मधला अखंड पाषाण म्हणजे भिंत. त्यात तुम्ही हजार फूट गेलात तरी तो काही पाझरणार नाही. खोल गेलं की पाणी लागतंच, हा आमच्याकडचा सगळ्यात महागडा गैरसमज आहे. माझ्या वहीत एक गोष्ट परत परत यायला लागली. ओढ्याकडच्या नऊ विहिरींमध्ये एका ठरावीक खोलीला तांबडा मातकट थर होता. पुस्तकात त्याला रेड बोल म्हणतात, दोन लाव्ह्यांच्या मध्ये सापडतो. आणि त्या नऊ विहिरींना एप्रिलपर्यंत पाणी होतं. वरच्या अंगाच्या विहिरी फेब्रुवारीतच तळाला.

मी हे अप्पांना चित्र काढून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘आज्या म्हनायचा, तांबडं लागलं की हीर थांबवायची. त्याच्या खाली गेलं की पानी पळतंय.’

‘मग तुम्ही कधी सांगितलं नाही अप्पा?’

‘आता कोन हीर पाडतंय? आता समदी बोअरच मारत्यात. मशिनवाला कशाला इचारतोय तांबडं लागलं का काळं!’

तर मंडळी, हे आहे माझं पाच वर्षांचं उत्तर, जे कॅम्पसला देता येत नव्हतं. आमच्या तालुक्यातला एखादा माणूस सावकाराकडे जायच्या आधी माझ्याकडे यावा आणि मी त्याला सांगावं, इथे मारू नका. कुठे मारा ते नंतर बघू. त्यासाठी मला एमएस्सी पाहिजे. नुसत्या बीएस्सीवर बावीस विहिरी मोजता येतात, तालुका नाही. फेब्रुवारीत जॅम नावाची परीक्षा असते, आयआयटीतल्या एमएस्सीसाठी. तिचा फॉर्म भरलाय. तिथे नाही झालं तर आपलं विद्यापीठ आहेच, तिथेही जिऑलॉजीचा विभाग आहे. म्हणजे अजून दोन वर्षं, कमाई नावापुरती.

ताईने ऑफर लेटर तीन वेळा वाचलं. म्हणाली, ‘बॉण्डवर सही जॉइनिंगच्या दिवशी असते, जुलैमध्ये. आत्ता हो म्हण. मार्चला जॅमचा निकाल लागेल, मग ठरव.’ प्रॅक्टिकल सल्ला होता. तुम्हीही हाच दिला असता, हो की नाही? माझ्या वर्गातल्या निम्म्यांनी तोच दिला. पण आमचे प्लेसमेंटचे सर एक वाक्य बोलून गेले होते. मागे एका वर्षी पोरं हो म्हणाली आणि जॉइन झालीच नाहीत, तर त्या कंपनीने पुढची दोन वर्षं आमच्या कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. आणि वेटिंगवर पहिलं नाव कोणाचं होतं, तेही मला माहीत होतं. माझ्याच बाकावरची मुलगी. तिला कुठलंही उत्तर पाठ करायची गरज नव्हती, तिला ती नोकरी खरंच हवी होती.

चोवीस हजार म्हणजे काय, याचा हिशेब मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडला होता. खोली आणि जेवणाचे नऊ गेले, बाकी किरकोळ गेलं, तरी दहा घरी पाठवता आले असते. दहा हजार म्हणजे सावकाराचा हप्ता. किंवा धाकट्याची बारावी लातूरला. दोन्ही नाही, एकच, पण एक तरी. तो हिशेब मी दहा दिवस रोज बघितला आणि एकदाही तो बदलला नाही. गणिताचं हे वाईट असतं.

नवव्या दिवशी धाकट्याला फोन केला. म्हटलं, मी नाही म्हणाले तर तुझी बारावी दहिवडीलाच. तो आधी काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘लातूरला तसंपण मेसचं जेवण बेक्कार असतंय म्हणे.’ हे तो मला बरं वाटावं म्हणून म्हणत होता, हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्याच्या मित्राने तिकडे खोली बघून ठेवलेली आहे. मी त्यावर काहीच बोलू शकले नाही. याचं उत्तर लायब्ररीत नाही मिळालं.

दुसऱ्या दिवशी प्लेसमेंट सेलमध्ये जाऊन नाही म्हणून लिहून दिलं. सरांनी दोनदा विचारलं, घरी विचारलंस का? मग उसासा टाकून रजिस्टर पुढे केलं. वेटिंगवालीला संध्याकाळी फोन गेला. तिने मला कॅन्टीनमध्ये मिठीच मारली, आणि मग म्हणाली, ‘तू ठीक आहेस ना?’ मी म्हटलं, अगं, तू पहिल्या पगारात मला जॅमच्या जुन्या पेपर्सचा संच घेऊन दे. ती म्हणाली, पहिला पगार जुलैच्या शेवटी, तुझी परीक्षा फेब्रुवारीत. पोरगी डेटाला शोभेल!

रात्री अप्पांना फोन लावला. आईने त्यांना आधीच सांगितलं होतं. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. दोन वर्षं, विद्यापीठाची फी, कमवा आणि शिका चालू राहील, सुट्टीत मी गावीच असेन. ते ऐकत होते. मागे टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या, त्यांनी आवाज कमी केला नाही.

मग म्हणाले, ‘या म्हैन्याची मोजनी राहिली हुती तुझी.’

प्रोजेक्ट संपल्यावरही मी घरच्या विहिरीची पातळी दर महिन्याला लिहिते. मी नसेन तेव्हा अप्पांनी मोजावी असं ठरलेलं, पण ते नेहमी परसात सांगतात. परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. ‘दोन परसाला हाय’ असं सांगायचे आणि आमचं भांडण व्हायचं, कारण कुठल्या माणसाची उंची?

‘टेप सोडला का?’ मी विचारलं.

‘सोडला की. कठड्यापासनं तीन मीटर नि चाळीस.’

मी वही काढली. मागच्या वर्षी याच महिन्यात चार मीटर दहा होतं.

‘नक्की? ओला भाग कुठपर्यंत आला होता टेपचा, ते बघितलंत ना?’

‘दोनदा बघितलं,’ अप्पा म्हणाले. ‘लिव.’